होमर मूळ ग्रीकमधून वाचताना कोणता कोश जवळ ठेवावा?

एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे. तिचे संस्कृतमध्ये पदव्युत्तर शिक्षण झाले आहे, अ‍ॅटिक ग्रीकचा, म्हणजे अभिजात काळातल्या अथेन्सच्या बोलीचा, प्राथमिक अभ्यासक्रम तिने पूर्ण केला आहे, त्या बोलीतला गद्यलेखक क्सेनोफोन याची काही प्रकरणे वाचली आहेत आणि आता तिला ‘इलियड’ मुळातून वाचायचे आहे. तिच्याजवळ लिडेल आणि स्कॉट यांचा मध्यम आकाराचा ग्रीक-इंग्रजी कोश आहे. तो पुरेल की होमरसाठी वेगळा कोश घ्यावा, आणि घ्यायचाच तर आउटेनरीथचा घ्यावा की कन्लिफचा, हे तिला जाणून घ्यायचे आहे.

होमर शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे. होमरसाठी वेगळा कोश घ्यावाच, आणि तो कन्लिफचा घ्यावा. पहिल्या एक-दोन सर्गांपुरता आउटेनरीथचा छोटा कोश सोबत असू द्यावा, कारण तो महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. हातातला लिडेल-स्कॉट टाकून देऊ नये, पण होमर वाचताना तो सर्वांत आधी उघडूही नये. या शिफारशीमागची कारणे समजली तर कोणताही कोश अधिक चांगला वापरता येईल, म्हणून ती सविस्तर लिहितो.

होमरची भाषा ही कोणत्याही एका गावाची किंवा एका काळाची बोली नव्हती. इओनिक बोलीच्या पायावर एओलिक रूपे, त्याहून जुनी रूपे आणि केवळ वृत्ताच्या सोयीसाठी घडवलेली रूपे अशी सगळी सामग्री पिढ्यान् पिढ्या गायकांच्या तोंडी साठत गेली आणि तिच्यातून महाकाव्याची स्वतंत्र भाषा तयार झाली. ‘असणे’ या एकाच क्रियापदाची एइनाइ, एमेन, एमेनाइ, एम्मेन आणि एम्मेनाइ अशी पाच तुमन्त रूपे तिथे भेटतात, कारण षट्पदी वृत्तात निरनिराळ्या जागी निरनिराळ्या लांबीचे रूप बसवावे लागते. भूतकाळाचा आगम कधी असतो, कधी नसतो. उपसर्ग क्रियापदापासून तुटून ओळीत दुसरीकडे जाऊन बसतो. ‘इलियड’च्या चौथ्या ओळीतले तेउखे हे रूप अ‍ॅटिकमध्ये एतेउखे झाले असते आणि त्याच ओळीतले कुनेस्सिन हे अ‍ॅटिकमध्ये कुसि झाले असते. नुसते अ‍ॅटिक शिकलेला विद्यार्थी अशा ठिकाणी अडतो तेव्हा त्याला शब्दाच्या अर्थाआधी तो शब्द कोशात कुठे शोधायचा हे कळायला हवे असते. होमरसाठी खास तयार केलेला कोश ही पहिली गरज भागवतो.

दुसरी गरज अर्थाची आहे आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. ओळखीच्या शब्दांचे अर्थ होमरमध्ये वेगळे असतात आणि विद्यार्थी फसतो तो अशाच शब्दांवर, कारण अनोळखी शब्द तो शोधतो, ओळखीचा मात्र गृहीत धरतो. अ‍ॅटिकमध्ये फोबोस म्हणजे भीती. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात स्थेनेलोस माघार घेण्याचा सल्ला देतो तेव्हा दिओमेदेस त्याला ‘फोबोन्दे’ बोलू नकोस असे सुनावतो, आणि तिथे फोबोस म्हणजे रणातून काढलेला पळ. पुढच्या काळात सोफिया म्हणजे ज्ञान, प्रज्ञा. होमरमध्ये हा शब्द एकदाच, ‘इलियड’च्या पंधराव्या सर्गात येतो आणि तिथे तो अथेनेच्या कृपेने आपल्या कामात तरबेज झालेल्या सुताराच्या कौशल्यासाठी आहे. बाल्लो आणि उताओ या दोन क्रियापदांना सर्वसाधारण कोशात ‘मारणे’, ‘जखमी करणे’ असे जवळपास सारखे अर्थ मिळतात, पण होमरमध्ये पहिले दुरून फेकलेल्या शस्त्राने झालेल्या जखमेसाठी आणि दुसरे हातातल्या शस्त्राच्या वारासाठी वापरले जाते. अकराव्या सर्गात नेस्टर पात्रोक्लोसला जखमींची नावे सांगतो तेव्हा दिओमेदेससाठी पहिले क्रियापद येते, कारण त्याला पॅरिसचा बाण लागलेला आहे, आणि ओडिसियस व अगामेम्नोन यांच्यासाठी दुसरे येते, कारण त्यांच्यावर भाल्याचे घाव झालेले आहेत. एका ओळीमागून दुसऱ्या ओळीत कवीने केलेला हा भेद ज्याच्या ध्यानात आला नाही, त्याने त्या दोन ओळी वाचल्या असे मी म्हणणार नाही.

मराठी वाचकाला हे पटायला दूर जावे लागत नाही. मोल्सवर्थचा कोश, त्याची 1831 ची पहिली आवृत्ती असो की 1857 ची दुसरी, कितीही समृद्ध असला तरी तेवढ्या आधारावर ‘लीळाचरित्र’ किंवा ‘ज्ञानेश्वरी’ वाचू पाहणारा ठायी ठायी अडतो आणि जिथे अडत नाही तिथे पुष्कळदा चुकतो. म्हणूनच शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांना जुन्या मराठीचा स्वतंत्र कोश करावा लागला आणि तो 1999 मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झाला. होमरच्या कोशांमागची गरज याच जातीची आहे.

ही गरज खुद्द ग्रीकांनाही फार लवकर जाणवली होती. अथेन्सच्या अरिस्तोफानेसचे इ. स. पूर्व 427 मधले पहिले नाटक आज केवळ तुकड्यांमधून उरले आहे. त्यातल्या एका तुकड्यात म्हातारा बाप मुलाला होमरमधल्या अवघड शब्दांचे अर्थ विचारतो आणि मुलगा उलट सोलोनच्या कायद्यातले जुने शब्द विचारतो. म्हणजे पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये होमरचे शब्द पाठ करून अर्थ सांगणे हा शिक्षणाचा ओळखीचा भाग होता. पुढे कोसचा कवी फिलितास आणि अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख झेनोदोतोस यांनी दुर्मिळ शब्दांचे संग्रह केले. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा विद्वान अरिस्तार्खोस याने होमरच्या शब्दांचे अर्थ होमरच्याच इतर ओळींवरून ठरवण्याची पद्धत कसोशीने वापरली. बाल्लो आणि उताओ यांच्यातला वर सांगितलेला भेद त्याच्याच परंपरेतून आपल्यापर्यंत आला आहे. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या शालेय पपायरसांवर डाव्या रकान्यात होमरचा शब्द आणि उजव्या रकान्यात रोजच्या ग्रीकमधला प्रतिशब्द अशा याद्या आहेत. इ. स. पहिल्या शतकातल्या अपोल्लोनिओस नावाच्या सोफिस्टाचा होमर-कोश पॅरिसमधल्या एकाच हस्तलिखितामुळे वाचला आणि व्हिल्वाझाँ या फ्रेंच विद्वानाने 1773 मध्ये तो छापला. यास्काने वैदिक शब्दांच्या ज्या यादीवर, म्हणजे निघंटूवर, भाष्य केले त्याची आठवण संस्कृतच्या अभ्यासकाला इथे होईल आणि ती योग्यच आहे, कारण दोन्हीकडे पाठांतराने जपलेल्या काव्यातले शब्द ऐकणाऱ्यांच्या रोजच्या भाषेतून निसटू लागले होते.

आता प्रत्यक्ष कोशांकडे वळू. गेओर्ग आउटेनरीथ या जर्मन शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी केलेला होमर-कोश 1873 मध्ये लाइप्झिगला निघाला. रॉबर्ट कीप यांनी तो इंग्रजीत आणला आणि आयझॅक फ्लॅग यांनी 1891 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती केली. आज सर्वत्र वापरात आहे ती हीच आवृत्ती. आकाराने लहान, सहज हाताळता येणारा असा हा कोश आहे आणि नवख्या विद्यार्थ्याला त्याचे तीन गुण फार उपयोगी पडतात. पहिला गुण असा की क्रियापदांची ओळखू न येणारी रूपे त्यात पुष्कळदा स्वतंत्र नोंदीने मूळ क्रियापदाकडे पाठवलेली असतात. दुसरा असा की व्यक्तींची आणि स्थळांची नावे त्यातच आहेत, त्यामुळे ‘इलियड’च्या पहिल्याच ओळीतले पेलेइआदेओ म्हणजे ‘पेलेउसच्या मुलाचा’ हे तिथल्या तिथे कळते. तिसरा गुण म्हणजे चित्रे. रथाचे जू, जहाजाची डोलकाठी, चिलखताचे भाग यांच्या छोट्या रेखाकृती अर्थाशेजारीच दिल्या आहेत आणि शब्दांनी जे चार ओळींत सांगता येत नाही ते त्या एका नजरेत दाखवतात. शब्दापुढे क्रूसाची खूण असेल तर तो शब्द किंवा ते रूप होमरमध्ये एकदाच आले आहे असे समजावे. अशा एकदाच येणाऱ्या शब्दांची संख्या दोन्ही महाकाव्यांत मिळून हजाराच्या पुष्कळ वर जाते आणि ते पाठ करण्यात नवख्याने वेळ घालवू नये, म्हणून ही खूण ओळखता येणे फायद्याचे आहे.

आउटेनरीथची मर्यादा त्याच्या उद्देशातच आहे. मुलांना चटकन एक नेमका इंग्रजी प्रतिशब्द हवा असतो आणि तो त्यांना देतो. उल्लेख मोजके देतो आणि ज्या शब्दांच्या अर्थाविषयी विद्वानांत एकमत नाही त्यांनाही बऱ्याचदा आत्मविश्वासाने एक अर्थ देऊन मोकळा होतो. समुद्राचे नेहमीचे विशेषण अत्रुगेतोस ‘जिथे पीक येत नाही असा’ याच अर्थाने पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले, तरी त्याची व्युत्पत्ती आणि अर्थ दोन्ही अनिश्चित आहेत. पहिल्या वाचनात याने बिघडत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या सर्गापासून विद्यार्थ्याला कवीचा शब्द आणि कोशकाराचा प्रतिशब्द यांच्यातले अंतर दिसू लागले पाहिजे, आणि ते दाखवण्याची सोय आउटेनरीथमध्ये नाही.

ती सोय कन्लिफमध्ये आहे. रिचर्ड जॉन कन्लिफ हे विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. ते कायद्याचे पदवीधर होते आणि त्यांनी त्याआधी शेक्सपिअरच्या शब्दांचा एक कोश केला होता. होमरच्या बोलीचा त्यांचा कोश 1924 मध्ये प्रसिद्ध झाला, 1963 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाने तो पुन्हा छापला आणि आजही विद्यार्थ्यांसाठी त्याच्या तोडीचा एका खंडातला इंग्रजी कोश निघालेला नाही. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक क्रियापदाच्या नोंदीत आधी होमरमध्ये त्याची जी जी रूपे आढळतात ती काळ, अर्थ (आज्ञार्थ, विध्यर्थ वगैरे), पुरुष, वचन यांसह स्थळांचे उल्लेख देऊन मांडलेली असतात. मग कंसात थोडक्यात व्युत्पत्ती येते. त्यानंतर क्रमांक घालून अर्थ दिलेले असतात आणि प्रत्येक अर्थाखाली तो ज्या ज्या ओळींत येतो त्या ओळींचे उल्लेख असतात. बहुतेक नोंदींत हे उल्लेख पूर्ण असतात आणि शब्द फारच वारंवार येत असेल तिथे यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ अशी खूण केलेली असते.

उल्लेखांची पद्धत पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकते, म्हणून तीही सांगतो. ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ या दोन्ही काव्यांचे चोवीस चोवीस सर्ग आहेत आणि ग्रीक वर्णमालेतही चोवीसच अक्षरे आहेत. मोठ्या लिपीतले अक्षर ‘इलियड’चा सर्ग दाखवते आणि लहान लिपीतले अक्षर ‘ओडिसी’चा. मोठा आल्फा आणि 1 म्हणजे ‘इलियड’ची पहिली ओळ, लहान आल्फा आणि 1 म्हणजे ‘ओडिसी’ची पहिली ओळ. ही पद्धत कन्लिफपुरती नाही, होमरविषयीच्या पुष्कळ जुन्या ग्रंथांत ती भेटते, म्हणून वर्णमालेचा क्रम आकड्यांसह पाठ करून टाकावा.

आता या पूर्ण उल्लेखांचा उपयोग काय, हे एका शब्दावरून पाहू. सोमा म्हणजे शरीर, असे आपण अ‍ॅटिकमध्ये शिकतो. कन्लिफमध्ये ही नोंद उघडली तर मोजकेच उल्लेख दिसतात आणि ते एकेक उघडून पाहिले तर ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गात भुकेल्या सिंहाला सापडलेले मोठ्या जनावराचे धूड, सातव्या सर्गात मृत योद्ध्याचे घरी परत द्यायचे शव, ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात किर्केच्या वाड्यात दफनाविना राहिलेला एल्पेनोर, असेच सारे दिसतात. जिवंत माणसाच्या देहासाठी होमर हा शब्द वापरत नाही, असे अरिस्तार्खोसने नोंदवले होते. जिवंत देहासाठी देमास म्हणजे बांधा, ख्रोस म्हणजे कातडी, मेलेआ आणि गुइआ म्हणजे अवयव असे शब्द येतात. जर्मन अभ्यासक ब्रूनो स्नेल यांनी 1946 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या निरीक्षणावर मोठा सिद्धान्त उभारला की होमरच्या माणसाला एकसंध शरीराची कल्पनाच नव्हती. तो सिद्धान्त आज फार थोड्यांना पूर्णपणे मान्य आहे आणि मलाही तो ताणलेला वाटतो. पण तो पटतो की नाही हे ठरवण्याचा पुरावा विद्यार्थ्याच्या टेबलावरच्या एका नोंदीत उपलब्ध आहे आणि अर्ध्या तासात तो स्वतः तपासता येतो. ‘इलियड’च्या 15,693 आणि ‘ओडिसी’च्या सुमारे 12,100 ओळी ही मर्यादित सामग्री आहे, आणि तिच्याबाहेर न जाणारा कोश हातात असल्याने शब्दाच्या अर्थाविषयी कवीचीच साक्ष काढता येते. सर्वसाधारण कोशात हे शक्य नाही, कारण तिथे होमरच्या ओळीशेजारी प्लेटो, प्लुटार्क आणि ‘नवा करार’ उभे असतात आणि नकळत त्यांचे अर्थ होमरमध्ये झिरपतात.

आणखी एका कारणासाठी मी कन्लिफचा आग्रह धरतो, आणि ते म्हणजे अव्यये. के आणि आन, आरा, गे, पेर, होस यांच्यावरच्या आणि एपि, काता, अना, पारा यांसारख्या उपसर्गांवरच्या त्याच्या नोंदी लांबलचक आहेत. विद्यार्थी त्या टाळतात, कारण ‘छोट्या’ शब्दासाठी एवढी पाने वाचणे त्यांना व्यर्थ वाटते. खरे तर होमरच्या वाक्याचा सूर या छोट्या शब्दांतच असतो. दर आठवड्याला अशी एक नोंद शांतपणे वाचावी आणि तिच्यातली चार स्थळे मूळ काव्यात उघडून पाहावीत. व्याकरणाच्या पुस्तकातून होमरची वाक्यरचना जितकी कळते त्याहून अधिक ती या वाटेने कळते.

कन्लिफच्या मूळ कोशात विशेषनामे नाहीत. ती त्यांनी 1931 मध्ये वेगळ्या पुरवणीत दिली आणि 2012 मध्ये ओक्लाहोमाहून निघालेल्या विस्तारित आवृत्तीत ती पुरवणी कोशाला जोडलेली आहे. नवी प्रत घ्यायची तर हीच आवृत्ती पाहून घ्यावी. जुनी प्रत स्वस्त मिळाली तरी हरकत नाही, कारण नावांसाठी आउटेनरीथ आहेच.

लिडेल आणि स्कॉट यांच्या कोशाविषयी थोडक्यात सांगतो. त्यांचा मोठा कोश 1843 मध्ये पहिल्यांदा ऑक्सफर्डला निघाला, नववी आवृत्ती जोन्स यांच्या संपादनाखाली 1940 मध्ये पूर्ण झाली आणि लिडेल, स्कॉट, जोन्स या नावांच्या आद्याक्षरांवरून तो एलएसजे म्हणून ओळखला जातो. तुमच्याजवळ आहे तो मध्यम कोश 1889 चा, म्हणजे त्याआधीच्या सातव्या आवृत्तीवर आधारलेला आहे. त्यात होमरचे बहुतेक शब्द सापडतील, पण उल्लेख पूर्ण नसतील आणि कोणता अर्थ होमरचा व कोणता नंतरचा हे प्रत्येक वेळी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. एखादा शब्द होमरनंतर कसकसा बदलत गेला हे पाहायचे असेल तेव्हा मात्र एलएसजेला पर्याय नाही. जेम्स डिगल यांच्या संपादनाखाली 2021 मध्ये दोन खंडांत निघालेला केंब्रिज ग्रीक कोश अर्थांची मांडणी आणि इंग्रजी स्पष्टीकरणे या बाबतींत एलएसजेहून कितीतरी सुबोध आहे. जो विद्यार्थी पुढे नाटके आणि इतिहासकारही वाचणार आहे त्याने तो जरूर घ्यावा. पण त्यात लेखकाच्या नावाचे संक्षेप असतात, ओळींचे आकडे नसतात, आणि मी वर सांगितलेला अभ्यास ओळींच्या आकड्यांवाचून होत नाही.

संशोधनाच्या पातळीवर दोन थोर कामे आहेत. एबेलिंग यांचा लॅटिनमधला होमर-कोश 1880 ते 1885 या वर्षांत लाइप्झिगला पूर्ण झाला आणि प्राचीन टीकाकारांची मते एकत्र पाहायला तो आजही उपयोगी आहे. दुसरे काम ब्रूनो स्नेल यांनी हाम्बुर्गमध्ये उभे केलेल्या संस्थेतून झाले. प्राचीन ग्रीक महाकाव्याचा हा जर्मन कोश होमरबरोबर हेसिओद आणि होमरी स्तोत्रेही कवेत घेतो, त्याचा पहिला भाग 1955 मध्ये आणि शेवटचा 2010 मध्ये निघाला. प्रत्येक नोंदीत रूपे, व्युत्पत्ती, वृत्तातली जागा, प्राचीन टीका, आधुनिक लेख आणि अर्थांची फोड असा क्रम असतो. पंचावन्न वर्षे एका काव्यपरंपरेच्या शब्दांसाठी देणारी ती माणसे माझ्या मनात फार मोठी आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये 1948 पासून चाललेल्या संस्कृत महाकोशाचे काम ज्यांना ठाऊक आहे त्यांना अशा उद्योगाला किती चिकाटी लागते हे सांगायला नको. प्रबंध लिहिण्याची वेळ येईल तेव्हा जर्मन शिकून या कोशाकडे यावे. पहिल्या वाचनात त्याची गरज नाही.

कोणताही कोश जिथे थांबतो त्या जागाही विद्यार्थ्याला माहीत असाव्यात. क्रुओएइस म्हणजे थंडगार, अंगावर काटा आणणारा. होमरमध्ये त्याच अर्थाचा ओक्रुओएइस असाही शब्द दोन ठिकाणी येतो आणि कोशांत त्याची वेगळी नोंद असते. पण नवव्या सर्गातली ओळ पाहिली तर आधीच्या शब्दाची षष्ठी एकेकाळी ‘-ओओ’ अशी उच्चारली जात असावी आणि ती ‘-ऊ’ झाल्यावर उरलेला ‘ओ’ पुढच्या शब्दाला चिकटला, असे दिसते. हेलेन स्वतःला दूषण देते त्या सहाव्या सर्गातल्या ओळीतही हेच घडले आहे. म्हणजे कोशातला हा शब्द गायकांच्या चुकीच्या पदच्छेदातून जन्मला. मानू लॉयमान यांनी 1950 मध्ये अशा शब्दांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. ठरीव विशेषणांची अडचण वेगळी आहे. अमुमोन या विशेषणाला ‘निष्कलंक’ असा पारंपरिक प्रतिशब्द मिळतो, पण ‘ओडिसी’च्या आरंभीच ते आइगिस्थोसला, म्हणजे अगामेम्नोनच्या बायकोला फितवून त्याचा खून करणाऱ्याला लावलेले आहे. अ‍ॅन अ‍ॅमरी पॅरी यांनी 1973 मध्ये या एका शब्दावर सबंध पुस्तक लिहिले आणि त्याचा मूळ अर्थ देखणेपणाशी निगडित असल्याचे मांडले. अशी विशेषणे वृत्तातली जागा भरताना येतात आणि त्यांचा अर्थ प्रसंगाशी किती घट्ट बांधायचा हा प्रश्न कोशकार सोडवू शकत नाही. तो फक्त सगळी स्थळे समोर ठेवू शकतो.

संस्कृतच्या पार्श्वभूमीचा तुम्हाला विलक्षण फायदा होईल, विशेषतः वेद वाचले असतील तर. होमरमधली ‘-ओइओ’ ही षष्ठी म्हणजे आपले ‘-अस्य’. हिप्पोइओ आणि अश्वस्य ही एकाच मुळाची रूपे आहेत. इद्मेनाइ या तुमन्तासमोर वेदातले ‘विद्मने’ ठेवता येते. आगम नसलेली भूतकाळाची रूपे आणि क्रियापदापासून तुटलेले उपसर्ग यांनी इतर विद्यार्थी भांबावतात, पण ‘उप त्वाग्ने दिवेदिवे’ म्हणणाऱ्याला ‘उप’ची ओढ पुढे ‘एमसि’पर्यंत जाते हे सांगावे लागत नाही. आखिलेउसच्या तोंडचे क्लेओस आफ्थितोन आणि ऋग्वेदातले ‘श्रवः’ व ‘अक्षितम्’ हे जुळणारे शब्द आडाल्बेर्ट कून यांनी 1853 मध्येच दाखवून दिले होते. मात्र याच फायद्यात एक धोका आहे. व्युत्पत्ती जुळली म्हणजे अर्थ जुळला असे धरू नये. मेनोस आणि मनस् एकाच धातूचे असले तरी होमरमध्ये मेनोस हा योद्ध्याच्या अंगात संचारणारा आवेश आहे, देव तो माणसात फुंकतात, आणि तिथे ‘मन’ असा अर्थ घेतला तर ओळ कोलमडते. व्युत्पत्ती रूप लक्षात ठेवण्यासाठी वापरावी आणि अर्थासाठी कन्लिफमधल्या ओळींकडेच जावे.

वाचण्याची रीत मी अशी सुचवतो. दहा-बारा ओळी कोश न उघडता दोनदा मोठ्याने वृत्तात वाचाव्यात. मग अनोळखी रूपांचा मूळ शब्द स्वतः ओळखण्याचा प्रयत्न करावा, वहीत अंदाज लिहावा आणि त्यानंतरच कोश उघडावा. समासात इंग्रजी किंवा मराठी अर्थ लिहू नये, मूळ क्रियापद किंवा प्रातिपदिक लिहावे, म्हणजे पुन्हा वाचताना अर्थ स्वतः आठवावा लागेल. टफ्ट्स विद्यापीठाचे पर्सिअस आणि शिकागो विद्यापीठाचे लोगेइऑन या दोन्ही संकेतस्थळांवर आउटेनरीथ आणि एलएसजे विनामूल्य पाहता येतात आणि पर्सिअसवर शब्दावर टिचकी मारताच त्याचे व्याकरणही समोर येते. ही सोय अडलेल्या वेळी जरूर घ्यावी. परंतु यंत्र एका रूपाचे तीन-चार संभाव्य अर्थ देते आणि त्यांतला योग्य निवडायला जे व्याकरण लागते ते टिचकी मारून येत नाही, म्हणून पहिले दोन सर्ग तरी छापील कोशावर वाचावेत. वारंवार येणारे शब्द आधी पाठ व्हावेत यासाठी ओवेन आणि गुडस्पीड यांची 1906 मधली शब्दसूची चांगली आहे, कारण तिच्यात शब्द वर्णक्रमाने नसून वारंवारतेच्या उतरत्या क्रमाने लावले आहेत. तिचे पहिले गट पाठ झाले की दर ओळीमागे कोश उघडण्याची वेळ निम्म्याने तरी कमी होते, असा अनुभव आहे.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. आउटेनरीथ आणि कन्लिफ हे दोघेही ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ यांच्यापुरतेच आहेत. होमरी स्तोत्रे किंवा हेसिओद वाचायला घ्याल तेव्हा बहुतेक शब्द त्यांत सापडतील, पण अर्थाची हमी मिळणार नाही आणि तिथे एलएसजे किंवा हाम्बुर्गचा कोश उघडावा लागेल. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातल्या अपोल्लोनिओस रोदिओसने आर्गो जहाजाच्या कथेवर लिहिलेल्या महाकाव्याची बाब आणखी निराळी आहे. तो स्वतः होमरचा अभ्यासक होता, होमरमध्ये एकदाच येणारे वादग्रस्त शब्द तो मुद्दाम उचलतो आणि कोणत्या अर्थाने वापरतो यातून त्या शब्दाविषयीच्या जुन्या वादात आपली बाजू मांडतो. त्याला वाचताना कन्लिफ शेजारी उघडा ठेवावा आणि होमरमधले ते एकमेव स्थळ प्रत्येक वेळी आधी वाचून घ्यावे.